सांडूजी हवालदारांची बैठक-मोहीम

वाचणारांनी चित्त स्थिर करावे, प्रसंग बिकट आहे. औरंगाबादेत विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते आणि चिकलठाण्यास कारखान्यांची धुराडी उठत होती, ऐशा धामधुमीत शहराबाहेरील तुरुंगावर पुण्याहून परीक्षक वच्छलाबाई चालून आल्या. फर्मान सुटले की, हवालदाराने ऐकून घेतले तर सुटलेला कैदी माघारी येत नाही, हे पाहणीअंती सिद्ध जाहले. सबब प्रत्येकाने कैद्यासमोर बरोबरीने बसावे, हुकूम न सोडता त्यास बोलते करावे. न साधल्यास बदली चंद्रपुरास.

हवालदार सांडूजी, ज्यांची आरोळी सात बराकींत घुमे, गर्भगळित जाहले. अंथरुणास खिळलेली आई येथे टाकून चंद्रपुरास जावे कैसे?

समोर गंगापूरकडील मेंढपाळ मुंजाबा, सख्ख्या भावाचे डोके फोडून आलेला. दोन खुर्च्या मांडल्या, बाई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. परंतु हवालदार दिसताच उकिडवे बसावे हा गिनतीचा, म्हणजे कैदी मोजण्याचा, दस्तूर, म्हणोन मुंजाबा भुईवर बसला. खुर्चीवर बस म्हणावे तर तो हुकूम! मग सांडूजी भुईवर उतरले. साहेब खाली आले हे पाहोन मुंजाबाने अदबीने कपाळ गुडघ्यास लाविले. मग बरोबरीखातर सांडूजी पोटावर पालथे जाहले, आणि पट्ट्याचे बक्कल तुटले, आणि धाप लागली, आणि उठवेना.

"सायेब, उचलू का?" मुंजाबा आपण होऊन वदला आणि काखेत हात घालून ओढू लागला. "लई जड हायेत तुमी! आमचा रेडा बरा, शेपूट पिळलं की उठायचा."

दोघे दमोन खुर्च्यांवर कोसळले. मुंजाबास हसू आले, मग डोळे भरले.

"त्योच रेडा भावानं इकला, सायेब. मला इचारलं बी नाय. म्हून डोकं फिरलं."

सांडूजींस दरडावण्याची फार इच्छा. परंतु श्वासच नव्हता. सबब निमूट ऐकिले. बाईंनी शेरा मारिला: श्रवण उत्तम, बदली रद्द. आणि सांडूजींस निघण्याची रुखसत दिली.

सांडूजी दारापावेतो गेले, श्वास परतला, मग माघारी वळले.

"मुंज्या, रेड्याचं नाव काय रं होतं?"

"राजा, सायेब."

सांडूजी पुन्हा खुर्चीवर बसले. हा प्रश्न परीक्षेत नव्हता. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, हवालदारी येथेच कायम राहिली, आणि त्या दिवशीची गिनती उशिरा लागली, हे नमूद असे.