एकवीस चिंध्या

आमच्या शेताशेजारचे भानुदासकाका दरवर्षी पौषात उभ्या ज्वारीला लाल चिंध्या बांधतात. हुरड्याची ही गावरान ज्वारी परंड्याच्या आमच्या बाजूला आता फक्त त्यांच्याकडं उरली आहे, तीही सहा गुंठ्यांत. सगळ्यांत भरदार कणसं बियाण्याला राखायची, त्यांना चिंधी. यंदा एकवीस होत्या. मी मोजल्या होत्या.

बी मागायला कुणी गेलं, की काका मुलीला स्थळ आल्यासारखी चौकशी करतात. जमीन कसली, पाणी कुठलं, घरात भांडणं आहेत का? एकानं किलोचा भाव विचारला, तर म्हणाले, "वाण हाय, सामान न्हाय. उठा." मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा चहा मिळाला, बी मिळालं नाही. "तुझं ध्यान आकड्यात, पिकात न्हाय."

गेल्या महिन्यात माझे मेहुणे सोलापूरहून आले. काकांनी बांधाकडच्या दोन ओळी आम्हाला हुरड्यासाठी दिल्या. मी आगटी पेटवेपर्यंत मेहुणे कणसांचा भारा घेऊन हजर. हुरडा असा गोड, की कुणी थांबेना. शेवटी हात पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि खिशातून लाल चिंध्या पडल्या.

"ह्या कुठल्या?"

"कणसांच्या. काका लई मायाळू हो दाजी! चांगली कणसं पाहुण्यांसाठी खुणा करून ठेवलेली."

मी चिंध्या मोजल्या. चौदा.

संध्याकाळी त्या घेऊन काकांकडं गेलो. सगळं सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. शिव्या ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी चिंध्या हातात घेतल्या, एकेक सरळ केली.

"सात राहिली म्हण की."

"सातच."

"एक पेरा भागंल. पाऊस हुकला, तर दुबार पेरायला दाणा न्हाय." मग हळूच विचारलं, "गोड होता का?"

"तुम्ही यंदा खाल्ला नाही?"

"सहा वर्षं झाली. एकानं भाजायचं, एकानं गरम गरम चोळायचं. तुझी काकू चोळायची. एकट्यासाठी कोण आगटी पेटवतंय?"

सहा वर्षं हा माणूस तो वाण राखत होता आणि त्यातला एक दाणा त्यानं तोंडात टाकला नव्हता.

"बिनचिंधीची पुष्कळ आहेत अजून. उद्या येतो मी. चोळून देतो."

"किती वाजता?" काकांनी लगेच विचारलं.