नकाशाआधीचे सात सेकंद

नकाशात काढायच्या सात सेकंद आधी गावाला कळवावं लागतं, हे शर्वरी घागला कुणी सांगितलंच नव्हतं.

चिपळूणच्या एका छोट्या कंपनीत ती नुकतीच लागली होती. कंपनीच्या वेबसाइटवर तालुक्यातल्या मोजक्या गावांचे नकाशे दिसायचे आणि ते काढायचं काम पडद्यामागे एक जुना प्रोग्राम निमूटपणे करायचा. तो फार रेंगाळतो, नव्याने लिही, शुक्रवारी गिऱ्हाइकाला अख्खा तालुका द्यायचाय, असं मालशेसाहेबांनी तिला बजावलं. तिने जुना प्रोग्राम उघडला, तर प्रत्येक गावाआधी एक ओळ: सात सेकंद थांब. का थांब, कशासाठी थांब, काही नाही. लिहिणारे पेठेकर निवृत्त होऊन घरी बसलेले. आता असली बिनकामाची ओळ कोण ठेवेल? तिने ती उडवली. नव्या प्रोग्रामने जेवणाच्या सुट्टीआधी तालुका काढून टाकला. मालशे खूश झाले, त्यांनी सगळ्यांना भेळ मागवली.

भेळ संपते न संपते तोच फोन सुरू झाले. एका सरपंचांचं म्हणणं, शाळा नदीत पाय धुवायला उतरली होती, ती तशीच नकाशात आली; आता पोरं कमरेएवढ्या पाण्यात पाढे म्हणताहेत. दुसऱ्या गावची विहीर सावलीला सरकली होती, ती नेमकी एसटीच्या थांब्यावर अडकली. एकदा नकाशात आलं की जागचं हलता येत नाही, हे तर सगळ्यांना ठाऊकच असतं. शर्वरी पार गांगरली. तक्रारी लिहून घेत राहिली, पण चुकलं नक्की कुणाचं, आपलं की शाळेचं, हे काही तिला उमगेना.

मग अण्णांचा, तिच्या वडिलांचा, फोन आला. ते खडकेवाडीला एकटेच राहायचे. आई जाऊन वर्ष झालं होतं.

"आपलं घर पऱ्ह्यापलीकडे काढलंयस," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी जातं तिकडे, तुझ्या आईच्या अळवापाशी. दिवेलागणीला परत येतं. आता यायचं कसं त्याने?"

पऱ्ह्या म्हणजे गावचा ओढा; पाण्याला जोर, ओलांडायला साकव नाही, आणि घराबरोबर पलीकडे अडकलेल्या अण्णांचे गुडघे हे असे. औषधाचं दुकान, शेजारपाजार, सगळं अलीकडे. शर्वरीला ती उडवलेली ओळ आठवली. तिने पेठेकरांना फोन लावला आणि थांबायचं कारण कुठे लिहून का नाही ठेवलंत, असं जरा तडकूनच विचारलं.

"लिहायचं काय त्यात?" ते म्हणाले. "कुणाकडे जायचं तर आधी कळवतोच की आपण. प्रोग्रामने नाव घेतलं की गावाला कळतं, आणि सात सेकंदांत सगळं जागेवर येतं."

तिने ओळ परत घातली, सगळी गावं पुसून मोकळी केली आणि पुन्हा काढायला लावली. शाळा काठावर आली, विहीर मागे गेली, सरपंचांनी आभारही मानले. खडकेवाडीची पाळी आली तेव्हा तिने अण्णांना फोनवर धरून ठेवलं. घर अजून अळवापाशीच, असं ते म्हणाले, तशी सात सेकंद भरायच्या आत तिने काम अडवलं. मग मिनिटभर थांबली, मग तासभर. घर हलेना. अण्णा, त्याला जरा दटावा ना, असं तिने विनवलं.

"दटावलं असतं, बाय. पण त्याला तेवढंच तर आहे," अण्णा म्हणाले. "मलासुद्धा."

शर्वरीला रडू आलं. नकाशात नसलं तर घराला मनासारखं जाता-येता येईल, आणि घराबरोबर अण्णांनाही, एवढं तिला कळत होतं. बाकी डोक्यात नुसता गोंधळ. तिने डोळे पुसले आणि प्रोग्राममध्ये खडकेवाडीपुरती नवी ओळ लिहिली: घर कायमचं परत येईपर्यंत थांब. आकडा घातला नाही.

शुक्रवारी मालशेंनी नकाशा उघडला. तालुका जिथल्या तिथे होता. खडकेवाडीच्या जागी पांढरा चौकोन आणि त्यात गोल गोल फिरणारं चक्र. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"आमचं घर आईकडे गेलंय, सर. आलं की काढते."

 मालशेंनी गिऱ्हाइकाला जायच्या पत्रावर खाली शेरा लिहिला, 'खडकेवाडी येथील एक घर बाहेर गेले आहे, घाई करू नये', आणि सही करून शिक्का मारला.