येऊ का? सोयीचं आहे का?

आमच्या आणि शांताराम नानांच्या घरात एकच भिंत आहे, तरी आमच्याकडे यायच्या आधी ते फोन करतात. ते काय बोलतात हे मला आधी भिंतीतून ऐकू येतं, मग फोनमधून. "येऊ का? सोयीचं आहे का?"

आमच्या मेहरूणमध्ये असला प्रकार कुणी पाहिलेला नाही. त्यातून नाना पोस्टमन. अख्खी नोकरी लोकांच्या दारात न विचारता जाण्यात गेली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून तर रोज चारला ते थेट आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे राहत. पातेल्यावरचं झाकण उचलून "आज काय शे?" म्हणजे आज काय आहे, हे पहिलं वाक्य. मी टॉवेलवर असलो तरी त्यांना फरक पडत नसे. मला पडे.

मागच्या उन्हाळ्यात ते जर्मनीला गेले. पहूरच्या शाळेत त्यांच्या बाकावर बसणारा वसंता तिकडे चाळीस वर्षं आहे. त्यानं तिकीट पाठवलं, नाना तीन आठवडे राहिले आणि बदलून आले. आता त्यांचं दर दुसरं वाक्य "तिकडे" या शब्दानं सुरू होतं.

"तिकडे एकाकडे जेवायला बोलावलं होतं, सातला. आम्ही पावणेसातला पोचलो. वसंतानं मला पंधरा मिनिटं गाडीत बसवून ठेवलं! घरातली बाई खिडकीतून आम्हाला पाहते, आम्ही तिला पाहतो, पण सात वाजेपर्यंत कुणी कुणाला ओळखत नही."

दुसरा किस्सा शेवभाजीचा. नानांनी स्वतः केली आणि वाटीभर वसंताच्या शेजारणीला नेऊन दिली, अर्थात न विचारता. तिनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग वाटी घेतली, आभार मानले. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. चकचकीत धुतलेली, पण रिकामी.

"चिमूटभर साखरसुद्धा नही रे तिच्यात! बाई वाईट नव्हती, रीतच तशी." हे मी निदान सात वेळा ऐकलं आहे, आणि दर वेळी वाटी जरा मोठी झालेली असते.

तर तिकडून आल्यावर हे फोनचं सुरू झालं. पहिले काही दिवस आम्ही हसलो. मग, खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचं वाटायला लागलं. मॅच रंगात आलेली असली की मी म्हणायचो, "आज जरा काम आहे, नाना."

"काही हरकत नाही. तू सांगितलंस, बरं केलंस," असं म्हणून ते फोन ठेवत. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येई आणि पुढे काहीच ऐकू येत नसे. एका आठवड्यात मी तीनदा नाही म्हटलं.

तिसऱ्या नकाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्यांना गच्चीवर गाठलं. मी तिथेच वाळवण गोळा करत होतो. "नाना, भिंतीला भिंत लागून आहे. हे फोनचं खूळ कशाला?"

नाना थोडा वेळ तारेवरचे चिमटे सरळ करत राहिले. "सुनंदा, ही गेल्यापासून मी रोज येतो. तुम्हाला कधी नको वाटलं असेल, तर तोंडावर बोलले असते का? नसते. तिकडे गाडीत बसलो तेव्हा हे डोक्यात आलं. फोनवर माणसाला नाही म्हणता येतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतंच आहे की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. सुनंदानं फोनकडे हात पुढे केला, मी तो अडवला आणि फोन माझ्याच हातात ठेवला. फोन वाजून बंद पडला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद पडला. पलीकडे खुर्ची जोरात सरकली, कडी निघाली, आणि नाना अनवाणी, धापा टाकत थेट आमच्या ओट्यापाशी.

"काय झालं रे? फोन काब्र उचलत नही? बठ्ठा बरा शेतस ना? सगळे ठीक?"

"चहा निवतोय, नाना," सुनंदा म्हणाली.

त्यांचा कप भरून ठेवलेला होता. नानांनी कपाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाठ करून पातेल्यावरचं झाकण उचललं.

"आज काय शे?"