राणीला ओळखणारा फोन

पेडण्याजवळच्या हळर्णला आमच्या शेजारी गुणाजीमामा राहतात. फोनवर आलेला निरोप पाहायचा असेल तर ते आधी तोंडाला सफेदा लावतात. मग गालांना लाली, भुवया, काजळ, कपाळावर चंद्रकोर. एवढं झालं की फोन समोर धरतात. फोन उघडतो आणि मामा म्हणतात, "बघ! वळाखल्यान!"

यात थोडा दोष माझा आहे. मामा चाळीस वर्षं दशावतारी कंपनीत राणीची कामं करत आले. आणि आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे वाड्यावर कुणी नवा फोन घेतला की तो माझ्याकडे येतो. मला सगळं येतं असं लोक धरून चालतात आणि नाही म्हणायला मला जमत नाही. गेल्या वर्षी मामांनी फोन आणला त्या दिवशी आमच्याच देवळाची जत्रा होती. संध्याकाळी ते देवळामागे राणी म्हणून रंगून बसले होते.

"घाल गो माझां तोंड ह्याच्यात," ते म्हणाले. मी घातलं. दुसऱ्या दिवशी रंग उतरला आणि फोन मामांना ओळखेना.

"मामा, परत घालूया. साधं तोंड."

"साधां? त्या तोंडाक गावात कोण इचारता?"

मी समजावून पाहिलं. तोंडाचं कुलूप सोयीचं असतं, पण पक्कं नसतं. कधी आपल्यालाच अडवतं, कधी सारख्या चेहऱ्यालाही उघडतं. म्हणून चार आकड्यांचा नंबर पाठ हवा. मामा हनुवटी वर करून ऐकत होते, दरबारात ऐकावं तसे.

"माझ्याइतको सुरक्षित फोन अख्ख्या पेडण्यात नाय," ते म्हणाले. "चोराक पयली नऊवारी नेसूक येवक व्हयी. मगे रंग. मगे माझी नजर. इतक्या जमला तर फोन घेवन जा म्हणा त्याका. तो चोर नाय, माझो शिष्य!"

नंबराचं त्यांनी विचारलंच नाही. फोन लावताना मी घातलेला नंबर एका कागदावर लिहून मामींकडे दिला.

एकदा बँकेच्या कामाला फोनवर येणारा आकडा सांगायचा होता. मामा रंगून, साडी नेसून बसने पेडण्याला गेले. खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ताई, लाईनीत या." हे मामा आठवडाभर सांगत होते. "चाळीस वर्षां झाली, अजून लोक फसतत!"

मामी म्हणतात, "घोव माझो एकच. पण दुपारी चार वाजले काय घरात सवत येता."

चारचं कारण असं, की कंपनीचे मालक त्या सुमाराला ग्रुपवर बोलून पाठवतात: आज कुठल्या गावी नाटक, राजा कोण, राणी कोण. तो निरोप ऐकायला मामा साडेतीनलाच आरसा घेऊन पडवीत बसतात. रंग लागलेला असला की बोलावणं आल्याबरोबर निघता येतं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या आठवड्यात सकाळी मी त्यांच्याकडे नारळ द्यायला गेले होते. मामी अंगणात उभ्या होत्या त्या एकदम खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. मी नुसतीच ओरडले. मामा आतून धावत आले. अंगात बनियन, दाढीचे पांढरे खुंट, हातात फोन. कागद कुठे आहे हे मी विचारणार, तोवर त्यांच्या अंगठ्याने चार आकडे दाबले होते. न बघता. फोन उघडला, रिक्षावाला आला. मामींची साखर उतरली होती. गोळी घेऊन उपाशीच काम करत राहिल्या होत्या. दुपारपर्यंत दवाखान्यातून घरी येऊन त्या मामांनाच ओरडत होत्या.

त्या दिवशीही साडेतीनला मामा आरशासमोर बसले.

"मामा," मी जरा अडखळत म्हटलं, "नंबर येतो तुम्हाला."

काजळाचं बोट घसरलं. "येता. पयल्या दिसापासून."

"मग हे सगळं…"

त्यांनी फोन तोंडासमोर धरला. उघडला. मालकांचा आवाज आला. गावाचं नाव, राजाचं नाव. राणीच्या कामाला दुसरंच नाव. गाडी किती वाजता सुटणार इथपर्यंत मामांनी सगळं ऐकलं.

"दिवाळीपासून नवो नट करता राणी," ते म्हणाले. "बरो करता. आवाज कवळो असा."

इतके महिने ते रोज रंगत होते, आणि मी कॉलेजात मैत्रिणींना हे फोनची गंमत म्हणून सांगत होते.

फोनचा उजेड गेला. मामांनी तो पुन्हा वर धरला. पुन्हा उघडला.

"मालकान काढल्यान," ते म्हणाले, आणि हनुवटी वर गेली. "ह्या फोनान खंय काढल्यान? तू माझां तोंड ह्याच्यातसून काढू नको हां."

खरं तर साधं तोंड घालूया, हेच सांगायला मी गेले होते. पण त्यांच्या डाव्या डोळ्याचं काजळ गालापर्यंत आलं होतं. मी डबी उचलली, करंगळी बुडवली.

"हलू नका, राणीसाहेब," मी म्हटलं.

राणीसाहेब हलल्या नाहीत.