मारोतभाऊंचं थंड हवेचं गाव

मारोतभाऊ पिंपळशेंडे कुठल्याही नव्या गावात एसटीतून उतरले की चहाच्या आधी, तोंडावर पाणी मारायच्याही आधी, एकच काम करायचे. पिशवीतून थर्मामीटर काढायचं, स्टँडवरच्या झाडाच्या फांदीला सुतळीनं बांधायचं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं त्याच्यासमोर सावधान उभं राहायचं. हे काखेत धरायचं थर्मामीटर नव्हे. लाकडी पट्टीवरचं, भिंतीला टांगायचं, चांगलं वीतभर लांब.

साहजिकच माणसं जमायची.

"काय चाललंय हो?" कुणीतरी विचारायचं.

"सेवानिवृत्ती," मारोतभाऊ पाऱ्यावरची नजर न हलवता म्हणायचे.

नाशिकच्या स्टँडवर तर एका पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना वेधशाळेचे साहेब समजून हात जोडले आणि यंदा पाऊस वेळेवर आहे का म्हणून विचारलं. मारोतभाऊंनी त्याला नीट बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "काका, आमचा विभाग वेगळा."

मारोतभाऊ माझे शेजारी. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत आमची गल्ली, आणि त्यांच्या माझ्या घराची मधली भिंत एकच. ते सिंचन खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलावर छत होतं ते टिनाचं, आणि चंद्रपूरचा मे महिना त्या टिनावर रोज सकाळी दहाला हजर व्हायचा. "तेहतीस वर्षं पान्याच्या खात्यात काढले, मास्तर," ते मला म्हणायचे, "अन् डोक्यावर कायम तवा. रिटायर झालो का एक दिवस इथी राह्यत नाई. थंड गाव पाह्यतो. सस्तं पाह्यतो. अन् मरेपर्यंत स्वेटर घालून बसतो."

हे बोलताना ते आमच्या अंगणात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेले असायचे. पंचा दर पंधरा मिनिटांनी वाळायचा. मग सुमनवैनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरातून तांब्या घेऊन यायच्या, पाणी थेट त्यांच्या डोक्यावर ओतायच्या आणि परत जायच्या. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी झाडांना आणि नवऱ्याला पाणी घालायची वेळ एकच करून टाकली होती.

निवृत्तीला तीन वर्षं असताना शोधमोहीम सुरू झाली. प्रत्येक गावाची वेगळी फाईल, खात्याच्या भाषेत नस्ती, लाल फीत बांधलेली. आत छापील वाटावा असा तक्ता: हवा, पाणी, वांगी, दवाखाना. वांग्याचा रकाना वैनींनी घालायला लावला, असं ते सांगायचे. पण भरल्या वांग्याचं नाव काढलं की डोळे कुणाचे मिटायचे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गाव बघून आले की तक्त्याखाली शेरा पडायचा. "प्रस्ताव नामंजूर. सबब नस्ती बंद." हाच शेरा ते घरीदारीही वापरायचे. वैनींनी केलेल्या चहात साखर कमी पडली तरी, "प्रस्ताव नामंजूर." गल्लीतल्या एका मुलासाठी स्थळ बघायला त्यांना सोबत नेलं, तर पोहे खाता खाता हेच शब्द मुलीच्या बापासमोर बाहेर पडले. ते पोह्यांबद्दल होते. सोयरीक तरीही मोडली.

मी शाळेत मास्तर, त्यामुळे मे महिन्यात रिकामा. दोनदा मला सोबत नेलं. पहिल्यांदा चिखलदऱ्याला.

वर पोचलो तर धुकं. मे महिन्यात! झाडाला बांधलेलं थर्मामीटर धुक्यात दिसेना, म्हणून मारोतभाऊ त्याला मिठी मारायच्या बेतानं जवळ गेले आणि आकडा वाचून त्यांचा आवाज कापायला लागला. "मास्तर, बावीस! बावीस, बाप्पा!" त्यांनी पिशवीतून दोन स्वेटर काढले, दोन्ही चढवले, वर मफलर गुंडाळला आणि दात वाजवत, डोळ्यांतून पाणी काढत, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "थंडी वाजून राह्यली," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. "मले! थंडी वाजून राह्यली!" एका बाईनं आपल्या मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

दुपारी बाजारात गेलो आणि सगळं बिघडलं. मारोतभाऊंनी एक वांगं उचललं, दाबलं, वास घेतला. भाजीवालीनं सांगितलं, माल खालून, अमरावतीकडून येतो, घाट चढून. भाऊंनी वांगं हळूच खाली ठेवलं.

"पाह्यलं? हे वांगं आपल्याआधीच रिटायर होऊन इथी आलं हाय."

नस्ती बंद.

पुण्याला ते एकटेच गेले होते. तिथं थर्मामीटर बांधलं, पण वाचलंच नाही. घरमालकानं भाडं सांगितलं तेव्हा त्यांनी गुपचूप सुतळी सोडली. "एवढ्या भाड्यात जे काही हाय ते त्याचंच राहू द्या," ते म्हणाले. महाबळेश्वर दुरूनच नामंजूर झालं. पचमढीला माकडानं मफलर नेला.

दुसऱ्यांदा मी गेलो तो आलापल्लीच्या पुढं, गडचिरोलीच्या जंगलात. वैनींचा भाऊ तिकडे वनरक्षक होता. त्याचं म्हणणं, जिजाजी उगाच दूर हिंडून राह्यले. आपल्याच बाजूला सागाची अशी सावली आहे की दुपारी दिवा लावावा लागतो. भाडं म्हणाल तर मागणारा नाही.

गाव दहा-बारा घरांचं. स्वच्छ सारवलेली अंगणं, मोहफुलं वाळत घातलेली, गोड वास सुटलेला. सावली खरंच भरपूर होती. मारोतभाऊंनी थर्मामीटर बांधलं आणि उभे राहिले. शेजारच्या अंगणात मोहफुलं निवडणारी एक म्हातारी हात थांबवून त्यांच्याकडे बघत बसली. बऱ्याच वेळानं तिनं वैनींच्या भावाला गोंडीत काहीतरी विचारलं. त्यानं समजावून सांगितलं की हे पाव्हणे म्हातारपणी राहायला गाव शोधताहेत. म्हातारीचा चेहरा गंभीर झाला. तिनं पुन्हा विचारलं.

"काय म्हन्ते ती?" मारोतभाऊंनी विचारलं.

वनरक्षक हसू दाबत म्हणाला, "विचारून राह्यली, ह्यायचं स्वतःचं गाव कुठी गेलं? बुडलं का?"

आम्ही सगळे हसलो. मारोतभाऊ हसले नाहीत. म्हातारीनं त्यांच्या ओंजळीत मूठभर मोहफुलं घातली, जणू काही गाव गमावलेल्या माणसाला तेवढं तरी द्यावं. त्या फाईलवर शेरा पडलाच नाही. गावाला दवाखाना नव्हता, म्हणून प्रस्ताव आपोआप मागे राहिला.

शेवटी सातारा मंजूर झालं. हवा उत्तम, पाणी गोड, वांगी नदीकाठची, दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि दोन खोल्यांचं भाडं पेन्शनीत बसणारं. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत त्यांनी सामान बांधलं. घर विकलं मात्र नाही. कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. निघायच्या दिवशी सगळी गल्ली ऑटोपर्यंत आली. पिठाच्या गिरणीवाले रामटेके, बांगडीवाली शकीला आपा, पानठेलेवाला, सगळे. वैनी प्रत्येकीला दोनदोनदा भेटत होत्या आणि मारोतभाऊ ऑटोतून ओरडत होते, "चला, चला! गाडी चालली जाईन! तुमी सारे मरा इथी तापून!"

मग पोस्टकार्डं यायला लागली. पत्ता, तारीख आणि लगेच मुद्दा.

"मास्तर, आज अठ्ठावीस. पंखा बंद. शाल घेतली. मे महिना चालू आहे याची नोंद घ्यावी."

त्या दिवशी आमच्याकडे सत्तेचाळीस होतं. कूलरमध्ये मोटार होती, पण वीज नव्हती. ते कार्ड मी रामटेक्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कार्डाकडे असं पाहिलं की ते तिथंच पेटेल असं मला वाटलं.

दुसरं कार्ड: "इथी दुकानदाराले सांभार मागितला तर त्यानं मले हॉटेलचा रस्ता दाखवला. कोथिंबीर म्हणा म्हणते. शब्द शिकून राह्यलो."

तिसरं: "शेजारी फार सज्जन आहेत. आवाजच येत नाही."

पावसाळ्यात कार्डं थांबली. दिवाळीच्या आधी एका सकाळी दारात ऑटो थांबला आणि आतून स्वेटर घातलेले मारोतभाऊ उतरले. मागून वैनी.

"किल्ली," ते म्हणाले.

गल्लीनं त्यांना सोडलं नाही. काय झालं, कसं झालं, रोज चौकशी. मारोतभाऊंकडे रोज नवं कारण तयार. "घामच येत नाई तिथी. घाम नाई आला तर जेवन पचते काय?" दुसऱ्या दिवशी: "लय हळू बोलते लोकं. मले वाटे मी बह्यरा झालो." तिसऱ्या दिवशी वांगी. "दिसाले चांगली, पन भरताले पानी सोडते." शकीला आपांनी तोंडाला पदर लावला. पानठेल्यावर त्यांचं नाव 'सातारकर' पडलं. मीही सोडलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "मारोतभाऊ, आता कुठला प्रस्ताव?" ते नुसते हसले आणि पंचा ओला करायला आत गेले.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी साडेतीनचा सुमार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी पोस्टातून परत येत होतो. गेटजवळच्या रसवंतीच्या हातगाडीआड एक माणूस वाकून उभा दिसला. डोक्यावर काळी छत्री, छत्रीखाली मारोतभाऊ. जो माणूस दुपारी दार उघडायला नको म्हणून मोलकरणीलाही मागच्या खिडकीतून पगार द्यायचा, तो त्या उन्हात हातगाडीमागे लपला होता. मला वाटलं, झालं, डोकं तापलं.

"मारोतभाऊ!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताला धरून आडोशाला ओढलं. पुढं पंधरा-वीस पावलांवर सुमनवैनी चालल्या होत्या. हातात रिकामी पिशवी, पदर डोक्यावरून घेतलेला, चाल सावकाश.

"वैनींच्या मागं? काऊन हो?"

"चाला. चालता चालता सांगतो. आवाज नोका करू."

आम्ही चाललो. ते पुढं बघत बोलत होते.

"साताऱ्याले ती भाजी आनाले गेली. सकाळी नऊले. दुपार झाली, आली नाई. साऱ्या बाजारात पाह्यलं. चार वाजता सापडली. स्टँडवर बसली होती. चंद्रपूरची गाडी कवा लागते म्हनून विचारत होती कंडक्टराले. लोकं चांगले होते, मास्तर. पानी देल्लं, सावलीत बसवलं. पन घर कुठी विचारलं तर हे जटपुरा गेट सांगे. तिथी कोन पोचवीन इले जटपुरा गेटात?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हनते, वाढत जाईन. कमी होत नाई हे." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. त्यांचा सदरा पाठीला पूर्ण चिकटला होता. "तिले रोज एक डाव बाह्यर जायचं असते. ऊन असो का काही असो. अडवलं का रडते. संग गेलो तर लाजते. म्हन्ते, मी काय लहान पोरगी आहो? म्हनून हे असं."

वैनी नेहमीच्या तिठ्याशी पोचल्या आणि थांबल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पिशवी छातीशी धरली. माझं पाऊल आपोआप पुढं पडलं, तर मारोतभाऊंनी माझा दंड घट्ट पकडला.

"थांबा," ते म्हणाले. "थांबा."

गिरणीच्या दारातून पिठानं पांढरे झालेले रामटेके बाहेर डोकावले. "काऊन वैनी, इकडून जा ना! इकडं सावली हाय!"

वैनींनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली आणि त्या बरोबर आमच्या गल्लीत वळल्या. पानठेलेवाला उठून उभा राहिला आणि त्या पुढं जाईपर्यंत उभाच राहिला. शकीला आपांनी दुकानातून हात केला. मला तेव्हा कळलं की गल्लीत हे न कळलेला मी एकटाच होतो. आणि पानठेल्यावर सगळ्यात जोरात मीच हसलो होतो.

वैनी घरात गेल्या. मारोतभाऊ माझ्या ओट्यावर टेकले, छत्री मिटली, चेहरा पुसला. चांगली पाच मिनिटं त्यांनी जाऊ दिली. मग उठले, सदरा खाली ओढून नीट केला आणि आपल्याच घराची कडी वाजवली.

दार उघडलं. वैनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. घामानं निथळलेला, तांबडालाल झालेला नवरा.

"बाई बाई! इतक्या उनात कुठी गेले होते?"

"हवा खायले," मारोतभाऊ म्हणाले आणि आत गेले.