टाचा टेकव!

अगं बायांनो, अशा जवळ सरका. लांबूनच हो-हो करता आणि अर्धं ऐकून उठून जाता, ही काय रीत झाली? आज पुरतं ऐकल्याशिवाय जायचं नाही. आणि कुणाच्या कमरेला बिडीचं बंडल खोचलेलं असेल तर आधी लपवा. माझं काही नाही, पण गावी माझ्या घरासमोर गयाबाई राहते, माझ्या लुगड्याला बिडीचा वास आला तरी ती मला सोडायची नाही.

गयाबाई म्हणजे आमच्या गल्लीतली काठीवाली. निंबाची काठी, पुरुषभर उंच, आणि ही स्वतः काठीपेक्षा हातभर बुटकी. ती काठी टेकायला नाही, लेकरं मोजायला. गल्लीतलं कोणतंही लेकरू सापडलं की त्याला काठीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर तळहात आडवा धरायचा आणि विळ्याच्या टोकानं काठीवर खाच पाडायची. लिहिता येत नाही, पण कोणती खाच कुणाची हे तिला तोंडपाठ. लेकरं लबाड, हळूच चवड्यावर होतात. मग हिची आरोळी ठरलेली, "टाचा टेकव!"

ही आरोळी तिच्या अंगातच भिनली आहे. मागं गावात लग्न होतं. नवरी उंच, नवरदेव बेताचा. फोटोच्या वेळी बिचारा चवड्यावर उभा राहिला. मांडवातून गयाबाई ओरडली, "टाचा टेकव रं!" नवरदेव गपकन खाली आला. आता फोटोत तो बाशिंगासकट नवरीच्या खांद्याला लागतो.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तर मला तिच्यासोबत जायची लाज वाटते. पोटुशी बाई बिडी ओढताना दिसली, की ही तिच्या तोंडातली बिडी काढून पायाखाली चिरडणार. एकदा मिरचीवाल्यांच्या ओळीत एका बाईची अशीच हिसकली.

"कितवा महिना हाय?" गयाबाईनं विचारलं.

"कायचा महिना?" ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या धाकट्याचं लगीन झालं, मावशे. हे पोट भाकरीचं हाय!"

मिरचीवाल्या हसून हसून ठसकल्या. गयाबाई नाही हसली. "मग ओढ," म्हणाली. दोन पावलं जाऊन परत फिरली. "न्हाई, नकोच ओढू. सुनंच्या म्होरं तर बिलकूल नको."

आता हसू पुरे. हे खूळ आलं कुठून ते सांगते.

गयाबाईची थोरली बहीण बाळंतपणात गेली. लेकरू मोठं होतं, अडलं. गयाबाई तेव्हा दाराशी पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. ते भेव तिच्या काळजातून कधी गेलंच नाही. पुढं तिची एकुलती एक लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आमच्यात बायका सर्रास म्हणायच्या, बिडी ओढली की लेकरू बारीक राहतं, बाई सुखानं मोकळी होते. गयाबाई स्वतः बिडी ओढायचीच. तिनं एक काढून लेकीच्या हातात दिली. "रोज दोन झुरके घे, माय. लेकरू बारीक ऱ्हाईल."

शेवंता खोकली, डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथंच तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. काडेपेटी माझी होती. मीच म्हणाले, "घे गं. माय काय वाईट सांगून राहिली का?"

शेवंताची लेक मुक्ता सुखानं झाली. सुपात मावेल एवढी. गयाबाईनं घरोघरी साखर वाटली. "चिमणीएवढी हाय!" म्हणून सांगत फिरली, आणि आम्ही सगळ्या कौतुकानं बघायला गेलो.

मुक्ता आता नऊ वर्षांची आहे. उभी राहिली की सहाची वाटते. शाळेसाठी ती आजीकडंच असते. दोन वर्षांमागं दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "ही पोटात होती तेव्हा आई बिडी ओढायची का?" गयाबाईनं खरं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "एकट्या बिडीनंच असं झालं असं नाही, मावशी. पण आईनं ओढलेला धूर पोटातल्या लेकराचा वाटा खातो. तिथं राहून गेलेलं सगळंच मागून भरून निघत नाही."

गयाबाईनं घरी येऊन बंडल चुलीत टाकलं आणि निंबाची फांदी तोडली. तीच ही काठी.

आता शेवंता पुन्हा पोटुशी आहे. गयाबाई साखऱ्याला तिच्या सासरी गेली. लेकीच्या पाया पडली. शेवंता बिडी खाली ठेवीना. म्हणाली, "तूच लावली ना, माय? मुक्ताच्या वक्ताला बिलकूल तकलीफ झाली न्हाई. मग आताच काहून आडवी येऊन राहिली?"

गयाबाई परत आली आणि काठी कोपऱ्यात उभी केली. दोन दिवस गल्लीतलं एकही लेकरू मोजलं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीत तांदूळ निवडत होते. समोर मुक्ता आपणहून काठीला पाठ लावून उभी राहिली. बाकी लेकरांच्या खाचा पायऱ्यांसारख्या वर गेल्यात. मुक्ताच्या सगळ्या चार बोटांत दाटून बसल्यात. गयाबाईनं विळा उचलला. मुक्ताच्या टाचा हळूच वर गेल्या.

मला दिसल्या म्हणजे गयाबाईलाही दिसल्याच. तिचं तोंड उघडलं. मी वाट बघत राहिले, आता ओरडेल.

तिनं मान भिंतीकडं फिरवली. चाचपत तळहात लेकराच्या डोक्यावर ठेवला आणि खाच पाडली. "वाढली गं माझी बाय. बोटभर वाढली."

खाच पुरी होईस्तोवर मुक्ताचे पाय थरथरत होते. मग तिनं टाचा टेकवल्या, आवाज न करता. दोघी एकमेकींकडं बघेनात.

तर बायांनो, या एकदा आमच्याकडं, लवकर या. जवळा बाजारहून ऑटो मिळतो. पाहुणी आली की लेकरांना म्हणतेच, "केवढी मोठी झालीस गं!" मुक्ताला हे अजून कुणीच म्हटलेलं नाही. तुम्ही या, आणि तेवढं म्हणून जा.