गोठ्यातला तिसरा बैल

शालिग्रामने रात्री गोठ्यात दोन बैल बांधले होते. सकाळी तीन निघाले.

तिसरा बैल भिंतीला अंग टेकून उभा होता. म्हातारा, बरगड्या वर आलेला, तोंडावरचे केस पार पिकलेले. मागचा एक पाय जरा उचलून धरलेला. गळ्यात तुटक्या दोराचं वीतभर टोक लोंबत होतं. परक्याच्या घरी आल्याचा कसलाही संकोच त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. शालिग्रामने शेणाची पाटी खाली ठेवली आणि दारातच बसकण मारली. आज वांगी तोडायची होती, उद्या पहाटे शेगावच्या बाजाराला गाडी न्यायची होती. गेले चार दिवस त्याची कंबर धरली होती. एवढ्यात तिसऱ्या बैलाची भर नको होती.

"अवो, आयकलं का," त्याने आत हाक दिली, "कोणंतरी आपल्या गोठ्यात बैल आणून सोडला."

कौशल्याबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. "सोडन नाही तं काय करन? परवा चावडीत भाषण कोणं ठोकलं होतं?"

भाषण शालिग्रामनेच ठोकलं होतं. नवं राज्य झालं, गावात नवी ग्रामपंचायत आली, आणि उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून शालिग्राम पंच झाला. मिटिंगीत तो बहुतेक वेळा डुलक्या घेई. पण गावातले लोक काम सरलं की म्हातारी जनावरं मोकाट सोडून देत, आणि ती जनावरं सगळं शिवार टाकून बरोबर त्याच्याच वांग्यात शिरत. परवा त्याच्याच्याने राहवलं नाही. तो उठला आणि म्हणाला, "ज्या जनावरानं जनमभर राबून देल्लं, त्याले म्हातारपणी वाऱ्यावर सोडनं हे माणसाचं काम नोहे. मालक हुडका. त्याच्याच हाती दोर द्या अन् डफडं वाजवत गावातून फिरवा त्याले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ठराव झाला. शालिग्राम घरी येऊन समाधानाने झोपला होता.

"मंग हुडका आता मालक," कौशल्याबाई म्हणाल्या.

त्याने बैलाच्या गळ्यात नवा दोर अडकवला आणि त्याला कोंडवाड्याकडे नेलं. बैल इतका हळू चालत होता की वाटेत तीनदा शालिग्रामला वाटलं, आपणच याला पाठीवर घ्यावा. कोंडवाडा निवृत्तीच्या ताब्यात होता. निवृत्ती गावचा कोतवाल. दवंडी देणं, डफडं वाजवणं आणि कोंडवाड्याची कडी लावणं ही तिन्ही कामं त्याच्याकडेच. तो लिंबाची काडी चावत बाहेर आला.

"यानं नुकसान काय केलं?"

"काहीच नाही."

"मंग मले घेता येत नाही, भाऊ. नुकसान केलेलं जनावरच कोंडवाड्यात घेता येते. हा तं तुमच्या गोठ्यात उभा होता. पाहुणा झाला तो."

"अबे, मंग मी काय करू याचं?"

निवृत्तीने विचार केला. "कोणाच्या वावरात घाला. चार पानं खाऊ द्या. मंग आणा."

दुसऱ्याच्या वावरात घालायची सोय नव्हती. भांडण झालं असतं. म्हणून शालिग्रामने बैल स्वतःच्याच वांग्यात नेला. बैलाने एक पान हुंगलं, जिभेवर घोळवलं आणि सोडून दिलं. त्याचे खालचे दात झिजून गेले होते. शालिग्रामने कोवळी पानं खुडून त्याच्या तोंडापुढे धरली. "खा रे बाप्पा. थोडं तरी नुकसान कर." आजवर वांग्यातून ढोरं हाकलण्यात त्याचा जन्म गेला होता, आज तो एका ढोराला वांगी खा म्हणून विनवत होता. बैल बांधाच्या सावलीत जाऊन बसला. त्याला उठवता उठवता ऊन डोक्यावर आलं आणि वांगी झाडालाच राहिली.

मग तो सरपंचाकडे गेला. भगवंतराव सरपंच झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठराव तुहाच हाय, शालिग्राम. मालक हुडकाच लागन. दवंडी देऊ."

निवृत्तीने दवंडी दिली. "शालिग्रामभाऊच्या गोठ्यात बेवारशी जनावर जमा हाय होऽऽ! ज्याचं असन त्यानं न्यावं होऽऽ!" वेशीपाशी तो हे बरोबर बोलला. पण ऊन मोठं, घसा कोरडा. गल्लीगल्लीला त्याची दवंडी आखूड होत गेली, आणि शेवटच्या आळीत लोकांना एवढंच ऐकू आलं की बेवारशी जनावरं शालिग्रामभाऊच्या गोठ्यात जमा.

शालिग्राम भाकरीचा पहिला घास मोडतो तोच दारात तानुबाई आली. तिच्या हातात दोर होता आणि दोराच्या टोकाला एडका.

"हा घ्या, भाऊ. आल्यागेल्याले ढुशी देते मेला. याच्यापायी जावयानं येनं सोडलं."

"तानुबाई, मी जनावरं जमा करून नाही राह्यलो!"

"असं कसं? दवंडी आयकली ना म्या." तिने दोर खांबाला बांधला. "सवय लावा त्याले तुमची. तसा मायाळू हाय." ती गेली. शालिग्राम दोर सोडायला वाकला आणि एडक्याने त्याला मागून आपली माया दाखवली. तो पाटीतल्या शेणात हात रोवून उठतो आहे तोवर कुंपणाबाहेर कोणीतरी टोपलं ठेवून पळालं. टोपल्यात कुत्र्याची पिल्लं होती. त्यांची आई मागोमाग आली आणि सरळ ओसरीवर चढून आडवी झाली.

कौशल्याबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, एडक्याकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं. "अजून एक भाषण ठोका," त्या म्हणाल्या, आणि पिल्लांसाठी वाटीत दूध आणायला आत गेल्या.

शालिग्रामने हात धुतले. तो इतका थकला होता की त्याला एकदम साधी गोष्ट सुचली. तो पुन्हा भगवंतरावांकडे गेला. "बैल गावातला असन तं आपल्या घरी जाईन. त्याले दोर ढिला देतो. आपण मागं चालू. जिथं शिरन तो मालक."

भगवंतरावांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी टोपी चढवली आणि निवृत्तीला डफडं घ्यायला लावलं. मालक सापडला की ठराव तिथल्या तिथे अंमलात आणायचा होता. दोर धरून पुढे शालिग्राम, मागे डफडं, त्यामागे सरपंच आणि त्यांच्यामागे हाताला काम नसलेलं सगळं गाव. निवृत्तीला मालक सापडेपर्यंत दम धरवेना. त्याने चावडीपासूनच वाजवायला सुरुवात केली.

बैल दर दोन घरांनी थांबत होता; पाय दुखत होता बिचाऱ्याचा. पण तो थांबला की त्या घरातलं माणूस दारात येऊन हात हलवी. "माहा नोहे! पुढं न्या, पुढं न्या!" इंद्रभानच्या दारी तर बैल चांगला आत वळला. इंद्रभान धोतर सावरत धावत आला.

"हा माहा नोहे, सांगून ठेवतो! मी बैल नाही सोडला. माही तं गाय—" त्याने जीभ चावली.

डफडं थांबलं. "गाय कुठी हाय तुही?" भगवंतरावांनी विचारलं.

"चराले गेली."

"कवाची?"

इंद्रभानने जमिनीकडे पाहिलं. "पोळ्याच्या अगोदर."

एवढ्यात बैलाने त्याच्या हौदातलं पाणी पिऊन घेतलं, तोंड झटकलं आणि तो परत फिरला. आता त्याची चाल जरा बदलली होती. मारुतीच्या पाराला वळसा घालून, कोणी न ओढता, तो एका बोळात शिरला. बोळ शालिग्रामच्याच घराचा होता.

बैल आत गेला. एडक्याने वाट दिली. गोठ्याच्या कोपऱ्यात एक दगडी खांब होता, त्याला बैलाने मान लावली आणि डोळे मिटून वरखाली घासायला सुरुवात केली.

"सकाळी इथंच होता, म्हणून आला," शालिग्राम घाईघाईने म्हणाला. लोकांनाही ते पटलं. पण कौशल्याबाई पिठाच्या हातांनी पुढे आल्या आणि त्या खांबाकडे पाहत राहिल्या.

"चांद्या?" त्या हळूच म्हणाल्या.

बैलाचे कान हलले.

"अवो, हा तं आपला चांद्या हाय! याच खांबाले मान घासे तो."

"काहीतरीच! चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद होता."

"सगळं तोंडच पांढरं झालं त्याचं. चांद कुठी दिसन आता?"

शालिग्राम जवळ गेला. त्याने उचललेला पाय पाहिला. तोच पाय. त्या पायानेच चांद्या आखडायला लागला होता, आणि तरणी जोडी दारात आली तेव्हा सहा वर्षांपूर्वी शालिग्रामने त्याला जामोदच्या बाजारात विकला होता. घेणारा पार डोंगरापायथ्याचा. पुढे त्यानेही नांगराला जुंपून घेतला असेल आणि दात झिजल्यावर सोडून दिला असेल. गोठ्यात कोणी आणून सोडलं नव्हतं. नदी-नाले ओलांडत बैल आपला आपण घरी आला होता.

"मी विकला होता त्याले," शालिग्राम म्हणाला. "विकलेल्या बैलाचा मालक मी कसा?"

बोलणं कायद्याने बरोबर होतं. पण तो व्यवहार बैलाला कोणी सांगितलेला नव्हता. चांद्याने मान घासणं थांबवलं आणि ओलं नाक शालिग्रामच्या खांद्यावर टेकवलं.

भगवंतराव घसा खाकरून म्हणाले, "पण ठरावाचं काय?"

"ठराव म्हणजे ठराव," शालिग्राम म्हणाला. "फिरवा मले."

निवृत्तीने डफडं खांद्यावरून काढून खाली ठेवलं. "आता अजून कायले, भाऊ? दोर तुमच्या हाती, डफडं मागं, साऱ्या गावातून फिरले. झाली ना मिरवणूक."

लोक हसले. कमाल म्हणजे शालिग्रामही हसला. रागावण्याइतकं बळच त्याच्यात उरलं नव्हतं. गर्दी पांगली, पण नेहमीसारखी गप्पा मारत नव्हे. जो तो आपल्या दाराकडे भराभर चालला होता.

दिवस कलताना कुंपणापाशी इंद्रभान उभा राहिला. शालिग्रामने मान वर केली. "इंद्रभान, आता इथं उंदीरही मावणार नाही. गाय आणू नको."

"आणाले नाही आलो. ती तिकडं तुरीत हाय. घरी न्याची म्हणतो." तो जरा घुटमळला. "एखांदा दोर असन तं दे."

त्याच्यामागे तानुबाईही होती. तिने एडक्याचा दोर सोडला. "ठेवाले देल्ला होता, सोडून नव्हता देल्ला," ती कोणीही न विचारता म्हणाली आणि एडका घेऊन गेली. कुत्री आणि तिची पिल्लं मात्र कोणी न्यायला आलं नाही. ती ओसरीवर पोट भरून झोपली होती.

वांगी तशीच राहिली. शेगावची गाडी आता परवावर गेली. कौशल्याबाईंनी कडबा अगदी बारीक कापला, त्यात भिजवलेली सरकीची ढेप कालवली आणि टोपलं चांद्यापुढे ठेवलं. शेजारच्या दोन बैलांनी माना वळवल्या, म्हणून कोणीतरी राखण बसणं भाग होतं. शालिग्राम कंबर धरून खाली बसला. चांद्याने एक घास घेतला आणि तो बराच वेळ हिरड्यांनी चघळत राहिला. मग दुसरा घेतला.

"लवकर खा रे बाप्पा," शालिग्राम जांभई देत म्हणाला. "मले झोप येऊन राह्यली."

चांद्याला कसलीच घाई नव्हती.